ताईच्या छातीतली नर्तकी

घड्याळजीच्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. दुरुस्तीला कोणी आलं नव्हतं. सगळे आले होते ते अंगठ्याने छातीचे ठोके ठीक करणाऱ्या ठोकेबाबाला बघायला.

"बघा हां, डोळे फाडून बघा!" बाबाने घड्याळजीच्या थोरल्या ताईला खुर्चीत ताठ बसवलं. दोन मिनिटांत तिचा चेहरा पांढराफटक झाला, मनगटावरचे ठोके सैरावैरा धावू लागले, मान कलली. बायका किंचाळल्या. बाबाने तिला अलगद बाकावर आडवं केलं, कपाळाला अंगठा लावला, आणि काय आश्चर्य! ताईने डोळे उघडून विचारलं, "चहा झाला का रे?"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. शिंप्याने तर आनंदाने शेजारच्याला मिठीच मारली.

"हिच्या छातीत नर्तकी शिरलीय!" बाबा गरजला. "बेताल नाचते! माझ्या अंगठ्याला मात्र टरकते! उद्यापासून तीन दिवस हिला ताठ बसवा, पाठ टेकू द्यायची नाही. थकेल आणि पळेल!"

आईच्या माघारी ताईनेच घड्याळजीला वाढवलं होतं. दोन मिनिटांत ही गत, मग तीन दिवसांत काय उरणार? पण एवढ्या गर्दीसमोर बोलायचं कसं?

बायकोने त्याला कोपराने ढोसलं. "अहो, आडवं ठेवलं की चालतं आणि उभं केलं की बंद पडतं, असं घड्याळ आलं तर काय म्हणता तुम्ही?"

"आत काहीतरी सुटलंय आणि लोंबतंय. उघडून बघायला..." घड्याळजीचं तोंड उघडंच राहिलं. शाबास रे पठ्ठ्या! परक्याचं घड्याळ सहा बाजूंनी फिरवून बघतोस, आणि सख्ख्या बहिणीला बाबाच्या अंगठ्याखाली देतोस!

"बाबा, तुमचा अंगठा जरा खिशात ठेवा," तो म्हणाला.

"बसव मला," ताईच म्हणाली. ती बसली आणि पुन्हा कलंडली. घड्याळजीने तिला लगेच आडवं केलं. ना अंगठा, ना मंत्र.

"चहाचं काय झालं?" ताई कुरकुरली.

"माझी शक्ती लांबूनही पोचते!" बाबा म्हणाला.

"मग ती बसलेली असताना का नाही पोचली?" बायकोने विचारलं. शिंपी फिस्सकन हसला आणि सगळं दुकान खो खो हसत सुटलं. हसण्याच्या गोंधळात बाबा मागच्या दाराने सटकला. घड्याळजीने मात्र मागच्या सीटवर ताईला आडवं घालून गाडी थेट दवाखान्यात नेली.

ताईला आधी गोळी देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी या वेळी छातीवर यंत्र फिरवलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. हृदयाच्या वरच्या कप्प्यात देठाला लटकलेली एक गाठ झुलत होती.

"फार दुर्मीळ. बसलं की घसरून झडपेत अडकते, रक्त पुढे जात नाही आणि भोवळ येते. आडवं झालं की बाजूला सरते. ठोकेही तिच्यामुळेच चुकत होते."

"तीन दिवस बसवली असती तर?" घड्याळजीने बाबाचा सगळा प्रकार सांगून विचारलं.

"पहिलाच दिवस जड गेला असता. पण आडवं केलं की बरं वाटतं, हे त्या बाबाला कसं कळलं?"

"मीच सांगितलं," ताई म्हणाली. "त्याने विचारलं, बरं कधी वाटतं? म्हटलं, आडवी पडले की. तुम्ही ठोक्यांची गोळी दिलीत, पण हे विचारलंच नाहीत."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. "चुकलंच माझं. आधी मीच विचारायला हवं होतं, आणि ही तपासणीही तेव्हाच करायला हवी होती."

ऑपरेशन झालं, गाठ निघाली. आठव्या दिवशी अख्खी गर्दी भेटायला आली. ताई पलंगावर ताठ बसली होती, चक्क अर्धा तास! घड्याळजीला हसू आवरेना आणि रडूही.

"काही म्हणा, बाबाच्या अंगठ्यात गुण होता," शिंपी पुटपुटला.

"गुण प्रश्नात होता, अंगठ्यात नाही!" ताई कडाडली. "त्याने विचारलं आणि उत्तराचा तमाशा मांडला. डॉक्टरीणबाईंनी उशिरा का होईना, आत बघितलं. छातीत धडधडलं, भोवळ आली, तर आधी डॉक्टरकडे जा. कधी होतं, कसं होतं, सगळं सांगा. त्यांनी नाही विचारलं तरी सांगा. आणि कोणी अंगठा दाखवलाच, तर तो काढून घेतल्यावर काय होतं ते बघा."