फसलेल्या रंगाचा डबा

मी चार लिटरचा रंगाचा डबा बोलतोय. शोकेसमध्ये मिरवणारा नव्हे, फसलेल्या रंगाचा. रंगाच्या कुठल्याही दुकानात डोकावा, मागच्या फळीवर माझा एखादा भाऊबंद सापडेलच. गिऱ्हाइकानं मागितलेला रंग एक आणि मिसळून निघालेला दुसरा! असा डबा ना कंपनी परत घेते, ना गिऱ्हाईक हात लावतं.

कारखान्यातून आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. दुकान तेव्हा दोघा भावांचं होतं. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंना दवाखान्यासाठी आकाशी रंग हवा होता. मोठ्या भावानं माझ्यात निळा ओतला, तेवढ्यात फोन आला म्हणून तो उठला. पुढचं धाकट्यानं ओतलं. झाकण काढून बघतात तर मी जांभळट, करडा, काहीतरी भलताच!

"अहो, ह्या रंगात पेशंट बसवला तर तोंड न उघडताच पळून जाईल," असं म्हणून बाई निघून गेल्या.

"तू जास्त ओतलंस."

"मी? तूच आधी ओतून ठेवलं होतंस, दादा!"

एवढंसं ते कारण. पण भांडण एकदा लागलं की जुना माल आपोआप बाहेर निघतो. लहानपणीची सायकलसुद्धा निघाली. शेवटी धाकट्यानं रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, स्वतःचं रंगाचं दुकान थाटलं. बोलणं बंद. मी मोठ्याच्या वाटणीला आलो. चूक कुणाची ते मला ठाऊक आहे, पण व्यापाऱ्याच्या दुकानात राहून एवढं तर शिकलोय की सगळाच माल गिऱ्हाइकाला दाखवायचा नसतो.

बरीच वर्षं मी फळीवर धूळ खात पडून होतो. मग मोठ्याच्या मुलीनं त्याला ब्लॉग काढून दिला आणि माझं नशीब फळफळलं. फोन टेकवायला काहीतरी जड हवं होतं. मला पुसून थेट गल्ल्यावर आणून ठेवलं!

आमचे शेठ लागले लिहायला. हॉलला कोणता रंग द्यावा, भिंतीला ओल आली तर काय करावं. गॉगल लावून, हातात ब्रश तलवारीसारखा धरून फोटोही काढला. "जग ओळखेल आपल्याला," असं मुलीला सांगायचे. एक जुना रंगारी रोज चहाला यायचा, तो विचारायचा, "शेठ, आज किती जणांनी बघितलं?"

"पंधरा."

"त्यात तुम्ही किती वेळा?"

"बारा," शेठ पडलेल्या आवाजात म्हणायचे.

मुलगी म्हणाली, "बाबा, हे सगळं डब्यावर छापलेलं असतं. लोक कशाला वाचतील? तुमचं स्वतःचं काहीतरी लिहा."

शेठनी इकडेतिकडे बघितलं. समोर मी. मग त्यांनी माझीच गोष्ट लिहिली. डॉक्टरीणबाई, फसलेला रंग आणि सगळा दोष धाकट्याच्या माथी!

दुपारपर्यंत खाली उत्तर आलं. लिहिणाऱ्याचं नाव 'एक ग्राहक'. "साफ खोटं! अर्धं काम टाकून फोनवर गप्पा मारत बसणाऱ्यानं दुसऱ्याला दोष देऊ नये."

शेठनी ते मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं. "पण फोनचं तर मी लिहिलंच नव्हतं," ते पुटपुटले आणि समोरच्या दुकानाकडे बघत राहिले. धाकटा आपल्या गल्ल्यावर मान खाली घालून फोनमध्ये बुडाला होता.

तेव्हापासून शेठ रोज लिहू लागले. सायकल कुणी मोडली, आईचा लाडका कोण, सगळं. ग्राहकही रोज भांडायला हजर. ही जुगलबंदी लोकांना भलती आवडली. वाचक हजारांवर गेले. रंगारी म्हणाला, "शेठ, झालात की प्रसिद्ध!" पण आतली गोष्ट मी जवळून बघितली आहे. हजार लोकांचा आकडा शेठ नुसता बघायचे. वाचायचे ते एकाच माणसाचं.

मग एकदा कुणा तिऱ्हाइतानं लिहिलं, "हा म्हातारा एक नंबरचा खोटारडा दिसतोय."

खाली ग्राहकाचं उत्तर धडकलं. "तोंड सांभाळून! माझ्या दादाला नावं ठेवायची तर ती मी ठेवीन. तुम्ही कोण?"

फोन शेठनी तसाच आडवा टाकला, मला कडी धरून उचललं आणि गल्ला उघडा सोडून रस्ता ओलांडला. माझ्या आयुष्यातली ही पहिलीच सहल!

"घे. हा तुझा," मला समोर ठेवत ते म्हणाले.

"माझा कशाला? चूक तुझी होती," धाकटा म्हणाला. पण स्टूल आधी पुढे सरकवलं.

दोघांनी मिळून माझं झाकण उचकटलं. वर जाड साय धरली होती. ती काढून ढवळलं.

"रंग काही वाईट नाही रे."

"वाईट होता कधी, दादा? तुलाच पसंत नव्हता."

त्या रविवारी त्याच रंगानं दोन्ही दुकानांची शटरं रंगली. फोटो ब्लॉगवर गेला आणि जो तो म्हणत आला, हाच रंग हवा! आता पंचाईत अशी की कुणी किती ओतलं होतं ते दोघांनाही आठवत नाही. रोज नवा डबा फसतो, रोज नवं भांडण होतं, आणि वाचक पोट धरून हसतात.

मी आता रिकामा आहे. माझ्यात ढवळायच्या काड्या ठेवतात. फोन अजून मलाच टेकून उभा असतो. मी मात्र एक दिवस ह्या दुकानात, एक दिवस त्या. बाबांनो, तुमच्याही फळीवर असा एखादा फसलेला डबा असेल. तो काढा, पुसा, खुशाल जगाला दाखवा. झाकण मात्र एकट्यानं उघडू नका.