लाल ठिपका, निळा ठिपका

"आबाजी, तुमचा ठिपका पुन्हा अटकला," मेघा फोनवर म्हणाली. "अटकते, आन् मंग बेडकासारखी उडी मारते. याले पकडापकडी म्हणते का कोणी?"

मनीषनगरातल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर लॅपटॉपसमोर बसलेल्या धम्मानंदांना तिचा लाल ठिपकाही तशाच उड्या मारताना दिसत होता. बारा वर्षांची नात खाली पार्किंगमध्ये आपला लॅपटॉप आणि आईच्या मोबाइलचं नेट घेऊन बसली होती. घरच्या वायफायवर खेळ सुरळीत चालायचा. पण रविवारी मेघा आईबाबांबरोबर हैदराबादला राहायला जाणार होती, आणि खेळ तिथून चालायला हवा होता.

खेळ तसा साधा. धम्मानंदांनी नोकरी केली त्या खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीचा नकाशा, क्वार्टरं, मधोमध पाण्याची टाकी, आणि एकमेकांना पकडणारे दोन ठिपके. दोन कॉम्प्युटरांमध्ये निरोप पोचवणारा तयार कोड, म्हणजे लायब्ररी, कोणती घ्यायची यावर आजा-नातीचं महिनाभर चाललं होतं. मेघाला व्हिडिओत पाहिलेली मोठी हवी होती; तिच्यात गुणतक्ते, खेळाडूंची खाती, सगळं आयतं. धम्मानंदांनी चार-पाच आज्ञांची छोटी निवडली होती. "बिघडली तं तुलेच उघडून पाहा लागन. मी तं नसीन तिथं. आपल्याले वाचता येते तेच घ्यावं."

मेघा वर आली ती लॅपटॉप काखेत मारूनच. "मी म्हटलंच होतं. आता तरी मोठी घ्या."

"थांब वं. आधी वाचू तं दे."

त्यांनी कोड पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. चौदाव्या ओळीवर बोट थांबलं, आणि ते स्वतःशीच हसले.

"लायब्ररीचं काही चुकलं नाही. माह्यं चुकलं."

"काहून?"

"कंट्रोल रूममधे बत्तीस वर्षं काढली मी. फोनवर आदेश आला का तो शब्दन् शब्द परत म्हणाचा. पलीकडचा 'बरोबर' म्हणत नाही तोवर स्विचले हात नाही लावाचा. इथं बी तेच करून राहिलो. ठिपका बोटभर हलला तरी विचारतो, पोचलं का? एक निरोप हरवला का मागचे सारे त्याच्यासाठी खोळंबते."

"मंग तिथं तुमचं काम कसं नव्हतं खोळंबत?"

"मीटरचं रीडिंग कोणी परत म्हणत नव्हतं. एक हुकलं तं दुसरं येतेच."

मेघाने वेणीचं टोक दातात धरलं. पुढचं वाक्य धम्मानंदांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"म्हणजे ठिपका कुठं आहे, ते रीडिंग," ती सावकाश म्हणाली. "आन् कोणी कोणाले पकडलं, तो आदेश."

"कर मंग तूच."

छोट्या लायब्ररीत निरोप 'पोचलं का' विचारून पाठवायची आणि नुसताच पाठवायची, दोन्ही सोयी होत्या. मेघाने एका ओळीत एक शब्द बदलला. धम्मानंद हाताची घडी घालून बसले. ती पुन्हा खाली गेली, आणि लाल ठिपका पाण्यावरून सरकावा तसा टाकीला वळसा घालून आला.

"पकडलं तुमाले," फोनमधून आवाज आला. "लक्ष कुठं आहे?"

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी दहाला हैदराबादहून लाल ठिपका हजर झाला. धम्मानंद सात वेळा पकडले गेले. मग पडद्याखाली एक ओळ उमटली, जी त्यांनी शिकवलेलीच नव्हती: "मेघा जेवाले चालली."

खाली उत्तर टाइप करायची रिकामी चौकट लुकलुकत होती. त्यांच्या लक्षात आलं. पोरीने हा निरोप आदेशात घातला होता.

त्यांनी चष्मा सारखा केला आणि रिकाम्या घरात, फोन कानाला असल्यागत, मोठ्याने म्हणत टाइप केलं, "मेघा जेवाले चालली."

"बरोबर," उत्तर आलं, आणि लाल ठिपका विझला.

धम्मानंदांनी निळा ठिपका टाकीपाशी नेऊन उभा केला. मग लॅपटॉप मिटला.