आतून हाक

संत निकोलाच्या सणाला आमच्या बुद्धिबळ क्लबचा अध्यक्ष मिओद्राग आपल्या खोलीला कुलूप लावून, किल्ली खिशात घालून मेहुण्याकडे जेवायला गेला. त्या दिवशी आमचं अर्धं झ्रेन्यानिन शहर उरलेल्या अर्ध्याच्या घरी जेवत असतं आणि यजमान काही कुणाला लवकर उठू देत नाही. पण दुपारी आमच्या बायकांच्या संघातल्या देसांकाचा लीगचा सामना होता, नोवी सादच्या बाईशी, इंटरनेटवर. तो आपापल्या क्लबातूनच खेळायचा असा नियम. आणि राउटरवरचा पोर्ट, म्हणजे पलीकडच्या चाली आत येण्याचं दार, या गृहस्थाने फक्त आपल्या खोलीतल्या कॉम्प्युटरसाठी उघडं ठेवलं होतं. सामना बुडाला तर बायकांचा संघ मोडणार, हे त्याने मागच्या बैठकीतच सांगून टाकलं होतं. किल्ली तो विसरून घेऊन गेला, असं मला कुणी सांगू नये.

मी फोन केला. मागे ताटं वाजत होती, कुणीतरी गात होतं.

"ल्युबिंका, मासा आत्ता कुठे ताटात आलाय," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी खेळा की."

"पुढच्या वर्षी संघ ठेवणार आहेस का?"

त्याने फोन ठेवला. माझं डोकंच फिरलं.

हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी राउटरचं पान उघडलं. पासवर्ड त्याने कुणाला दिला नव्हता. पण तरुणपणी सुबोतित्सात त्याने एका मास्टरला हरवलं होतं, ते तो दर वेळी ग्लास उचलला की ऐकवतो. पहिल्या ग्लासाला मास्टरचं नाव, दुसऱ्याला साल. मी दोन्ही जोडून टाकलं आणि आत शिरले.

त्याच्या खोलीचा नियम पुसला आणि त्या जागी पोर्ट ट्रिगरिंग लावलं. त्यात दार कुणाच्या नावावर नसतं. आतल्या ज्या कॉम्प्युटरने बाहेर हाक मारली त्याच्यासाठी ते उघडतं, हाक थांबली की थोड्या वेळाने मिटतं. आणि एका वेळी एकालाच मिळतं.

देसांका शाळेत भूगोल शिकवते आणि एकेका चालीला इतका विचार करते की समोरच्याला झोप यावी. तेवढ्यात दार मिटू नये म्हणून मी हॉलमधल्या कॉम्प्युटरपाशी तिच्या शेजारी बसून सामन्याच्या पानावरचं 'हजर'चं बटण अधूनमधून दाबत होते; दर दाबाला आतून एक हाक जायची.

संध्याकाळी मिओद्राग आला, गाल लाल, हातात फडक्यात बांधलेला केक. आता त्याचा स्वतःचा सामना होता. खोलीत जाऊन बसला आणि लगेच बाहेर आला.

"माझं लागत का नाही?"

"देसांका खेळतेय. तिचं झालं की लागेल."

"कुणाला विचारून केलंस हे?"

"तुलाच फोन केला होता. तू मासा खात होतास."

"तिला उठव. अध्यक्ष मी आहे."

"राउटरला ते माहीत नाही," मी म्हटलं. "केबल ओढायची तर ओढ. मग चालू सामना अध्यक्षांनी बुडवला, हे मी दर वेळी ग्लास उचलला की ऐकवेन."

त्याचा हात केबलपाशी थांबला.

"मिओद्राग, बस नाहीतर जा," देसांका मान वर न करता म्हणाली. "उजेड अडवतोयस."

तो बसला. देसांकाने आणखी बराच वेळ घेतला आणि घोडा हलवला. नोवी सादच्या बाईने हार मानली. मला उठून नाचावंसं वाटत होतं, पण देसांकाने माझा हात धरला.

"बटण सोडू नकोस," ती म्हणाली आणि खुर्ची मिओद्रागकडे वळवली. "आता पुढच्या वर्षीच्या संघाचं बोल."