जिन्याला कोण विचारतं?

गल्लीचा माहितीपट गल्लीनेच काढायचा, ही कल्पना मास्तरांची. मास्तर शाळेत नाटकं बसवायचे. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसेनात. त्यांनी गल्लीतल्याच एका मुलीला गाठलं. ती लग्नांचे व्हिडिओ काढायची आणि सगळी गल्ली तिला कॅमेरावालीच म्हणायची. आवाजाची बाजू रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने घेतली. हेडफोन कानाला लावला की त्याला जवळची हाकही ऐकू येत नसे, म्हणून तो बहिरेशास्त्री. तिघांचा नियम एकच होता: ज्याचं चित्रण, त्याला आधी दाखवायचं. तो हो म्हणाला तरच बाहेर.

काम झकास चाललं होतं. आधी दार लोटून घेणारी माणसं आता स्वतः हाका मारू लागली, "अगं, आमच्याकडे कधी?" गल्लीच्या टोकाच्या जुन्या इमारतीत तर तिचं माहेरच होतं म्हणा. आई गेल्यावर तिला वाढवणारी ताई तिथे दुसऱ्या मजल्यावर राहायची आणि खाली भावजींचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं.

एका सकाळी ती त्या जिन्यात उन्हाची तिरीप टिपत बसली होती. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई पिशवी घेऊन चढत आल्या. जन्मभर इस्पितळात उभं राहून गुडघे कामातून गेलेले. भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग होती. नर्सबाईंनी त्या भेगेत चार बोटं घातली, अंग वर ओढलं आणि हसून म्हणाल्या, "कठडा हलतो गं, ही नाही हलत. जिना म्हातारा, मी म्हातारी. एकमेकांना धरून आहोत."

कॅमेऱ्यात चेहरा नव्हता. नुसता हात, भेग आणि तो आवाज. तिला ते इतकं आवडलं की दम निघेना. संध्याकाळी तिने तो तुकडा फोनवरून जगासमोर टाकून दिला. नर्सबाईंना विचारायचं मनात आलं होतं, नाही असं नाही. पण त्या झोपल्या असतील, आणि चेहरा तर दिसतच नाही. बहिरेशास्त्र्याने हटकलंच. ती हसून म्हणाली, "जिन्याला कोण विचारतं?"

तुकडा वाऱ्यासारखा पसरला. परक्या गावच्या लोकांनी त्या हाताचं कौतुक केलं. आणि कुणीतरी एकाने भेगेकडेही पाहिलं आणि पालिकेत कळवलं.

आठवडाभरातच पालिकेचा इंजिनियर दारात उभा. सभ्य माणूस होता. त्याने भिंतीवर हातोडी वाजवून पाहिली, तळघरात उतरला, वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. दुसऱ्या दिवशी दारावर कागद चिकटला: इमारत धोकादायक, ताबडतोब रिकामी करा.

ती धावत त्याच्या कचेरीत गेली. "खरंच पडणार होती का हो?"

"आज पडली असती, नाहीतर आणखी दहा वर्षं उभी राहिली असती," तो म्हणाला. "पण बघितल्यावर मला गप्प बसता येत नाही."

त्याने होय किंवा नाही काहीही म्हटलं असतं, तरी तिला धरायला काहीतरी मिळालं असतं.

संध्याकाळी इमारतीच्या अंगणात सगळे जमले. तीही गेली. ताईने मान वळवली. भावजी कधी आवाज न चढवणारा माणूस, तेही शांतपणेच म्हणाले, "ती भेग आम्हाला रोज दिसत होती. आम्ही आंधळे नव्हतो. जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून गप्प होतो. तू कुणाला विचारलंस?"

तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, दाखवल्याशिवाय काही बाहेर जाता कामा नये. हे माझ्या पाठीमागे झालं."

"मास्तर," मागून बहिरेशास्त्री बोलला, "मला तो तुकडा त्याच रात्री तुम्हीच पाठवलात. खाली लिहिलं होतंत, 'आपल्या फिल्मचा प्राण.'"

मास्तर खाली बसले. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला तो पुसतच राहिले. तिला वाटलं होतं, कुणी असं बोललं तर बरं वाटेल. नाही वाटलं. पोरवयात त्यांनीच तिला पहिल्यांदा रंगमंचावर उभं केलं होतं.

नर्सबाई शेवटी बोलल्या. "माझा हात होता तो. मी जिन्यात तुझ्याशी बोलले, पोरी. जगाशी नव्हते बोलत."

तिने मान खाली घातली आणि चुकले म्हणाली. कुणी 'असू दे' म्हटलं नाही.

मग हात वर करून निकाल झाला: फिल्म बंद. ज्याचं जे चित्रण, ते त्याच्या घरी द्यायचं, आपल्याकडे काही ठेवायचं नाही. तीन ऋतू जोडत आणलेली ती फिल्म तिने आणि बहिरेशास्त्र्याने घरागणिक कापली. कापताना कळलं, वाटणी नीट होतच नाही. एकाच्या बोलण्यात दुसऱ्याचं पोर रडतंय, तिसऱ्याच्या खिडकीत चौथीचं वाळवण. कुणाचं काय म्हणायचं? मास्तर एकदाही आले नाहीत. रस्त्यात दिसले की पलीकडची बाजू धरत.

इमारत रिकामी व्हायच्या दिवशी ती सवयीने कॅमेरा घेऊन गेली. ताई जिन्यात कपाटाला खांदा देऊन उभी होती, घामाने निथळत. "ते गळ्यातलं काढ," ताई म्हणाली, "आणि खालून धर." तिने धरलं. कित्येक दिवसांत ताई तिच्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य.

नर्सबाई भाच्याकडे गेल्या. त्यांनी आपला तुकडा घेतला नाही. ताई-भावजींना मात्र जागा मिळेना, म्हणून दोघं तिच्याच खोलीत आले. कॅमेऱ्याची तिवई, दिवे, वायरी पलंगाखाली ढकलल्या. भावजी सकाळीच बाहेर पडत, दुसऱ्याच्या दुकानात हाताखाली काम करत आणि अंधार पडल्यावर परतून भिंतीकडे तोंड करून आडवे होत. ताई सगळं करी, वाढी, आवरी. बोलणं मीठमिरचीपुरतं.

एका दुपारी दोघीच होत्या. ताई हात पुसत म्हणाली, "आमचा भाग कुठाय?"

तिने लावून दिला. दुकानात भावजी चाक फिरवत कुणाला तरी चिडवत होते आणि तोंड भरून हसत होते. ताई उभ्यानेच बघत राहिली.

"असे हसायचे, नाही का," ती म्हणाली. तिने पडद्यावरची नजर काढली नाही. "हे त्यांना दाखवू नकोस. इतक्यात नको."

"विचारल्याशिवाय नाही दाखवणार."

ताईने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग पदराने डोळे टिपले आणि भाजी चिरायला बसली.