आठ नंबरवर एकमत

स्टेडियमच्या पायऱ्यांखाली क्लबचं धुलाईघर होतं, आणि तिथं राबणाऱ्या चौघांनी एकही सामना धड पाहिलेला नव्हता. सामना वर चालायचा, हे खाली टॉवेल धुवायचे. वर गलका झाला की छताचे पोपडे पडायचे, तेवढंच काय ते दर्शन. म्हणून फुटबॉलवर वाद घालायचे थांबले म्हणता? छे! यांना मळके कपडे पुरायचे.

सामना संपला की क्लबचा ड्रायव्हर कपड्यांची पोती ढकलगाडीवरून आणायचा. मग मशीनवाले मामा चष्मा कपाळावर चढवून एकेक कपडा टेबलावर पसरायचे. चड्डीवर चुन्याची पांढरी रेघ उमटली असेल, तर पठ्ठ्या कडेकडेने पळालाय. कुशीवर गवताचा हिरवा डाग, म्हणजे घसरून चेंडू काढलाय, बचावाला होता. पाठीवर वाळलेल्या घामाचं मीठ किती, त्यावरून दम किती टिकला ते कळायचं. सगळ्यात जास्त खल व्हायचा तो आठ नंबरवर, कारण आठ नंबर म्हणजे इस्त्री करणाऱ्या ताईचा सख्खा धाकटा भाऊ. अख्खं गाव त्याला बारक्या म्हणायचं. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला.

"याची जागा कडेलाच," ड्रायव्हर म्हणायचा. "मोकळं रान द्या, मग बघा."

"कडेला कशाला वाया घालवता? मधे खेळवा, स्ट्रायकरच्या मागे. डोकं आहे त्याला," मामा म्हणायचे.

"डोकं असेल हो, दम कुठाय?" घडीवाल्या काकू मोज्यांच्या जोड्या लावता लावता बोलायच्या. "अर्ध्याच पाठीवर मीठ. साठ मिनिटांचा गडी आहे हा."

ताई इस्त्री फिरवत हसायची. तेव्हा हसायची.

एका शनिवारी चौघांचं कधी नव्हे ते एकमत झालं, की बारक्याचा उजवा पाय नुसता नावाला आहे. ताईनेही मान डोलावली. पुढच्या सामन्यानंतर पोतं उघडलं, तर त्याचा डावा मोजा चिखलाने बरबटलेला आणि उजवा काकूंनी दिला होता तसाच. घडीची रेघसुद्धा मोडली नव्हती. ताई घरी आली तेव्हा बारक्या खाटेवर बसून उजव्या मांडीला चिमटे काढत होता.

"ताई, आज हा पाय नुसता नावाला होता गं," तो म्हणाला.

हे शब्द ताईने घरी काढलेच नव्हते.

योगायोग असेल म्हणून तिने मनाआड केलं. पण महिन्याभराने बारक्याने दोन गोल मारले आणि धुलाईघराला आनंदाचं भरतं आलं. "काय पळतोय! पाय जमिनीला लागत नाहीत पोराचे," मामा म्हणाले, आणि बाकी तिघांनी एका सुरात री ओढली. पुढच्या सामन्याला बारक्या नव्वद मिनिटं खेळला. बूट आले, त्यांच्या तळाला मातीचा कण नव्हता. त्यानंतर तीन दिवस तो घरात भिंत धरून चालत होता. "जमीन दिसते गं, पण पोचत नाही," म्हणायचा. ताईने वर्तमानपत्राचं पान घेतलं, खाली वाकली आणि उभ्या बारक्याच्या टाचेखाली सरकवलं. पान अलगद पलीकडे निघालं.

ती तशीच जमिनीवर बसून राहिली. चौथ्या दिवशी त्याची टाच टेकली, तेव्हा तिच्या जिवात जीव आला.

तेव्हापासून बाई हट्टालाच पेटली. आठ नंबरवर पुन्हा एकमत म्हणून होऊ द्यायचं नाही! मामा म्हणाले मधे, की ही म्हणणार बचावाला. काकूंनी दमाची खोट काढली, की ही म्हणणार घोड्यासारखा धावतो. आणि तिघांनी चुकून कौतुक केलं, की ही नाक मुरडणार. "त्यात काय मोठंसं? चेंडू आयता आला असेल."

"सख्खी बहीण ना तू? बोलतेस मात्र सावत्र आईसारखं," काकू एकदा तडकून म्हणाल्या. ताईने इस्त्री पुढच्या बाहीवर टेकवली.

गावात गोष्ट लपते थोडीच. बारक्याच्या कानावर गेलंच. जेवता जेवता तो म्हणाला, "अख्खं स्टेडियम माझं नाव घेतं. तुलाच माझा खेळ का खुपतो गं?"

"मी इस्त्रीवाली. मला काय कळतंय त्यातलं," ताई म्हणाली. तो अर्ध्या ताटावरून उठला, आणि ताईने ते ताट घासताना पोटभर रडून घेतलं.

असं वर्षभर चाललं. मग हंगामातला शेवटून दुसरा सामना आला. त्या दिवशीचा आठ नंबर मामांनी टेबलावर पसरला आणि बघतच राहिले. चड्डीच्या दोन्ही बाजूंना चुना, दोन्ही कुशींवर गवत, आणि मीठ मानेपासून पार खालच्या शिवणीपर्यंत.

"हा एकटा किती जागांवर खेळला?" ड्रायव्हर म्हणाला. कडेचा विषय त्याने काढलाच नाही.

"मी माझे शब्द मागे घेते बाई," काकू म्हणाल्या. "नव्वदच्या नव्वद मिनिटांचा गडी."

"जीव ओतून खेळलाय पोरगा," मामा म्हणाले.

"जीव ओतूनच!"

"अगदी अगदी."

तिघं ताईकडे वळले. तिचं उत्तर तयार होतं: एवढा घाम म्हणजे तब्येत तपासून घ्यायला हवी, खेळाचं काय घेऊन बसलात! पण दारात बारक्या उभा होता. ओले केस, खांद्याला पिशवी. या खोलीत तो पहिल्यांदाच आला होता.

"आणि तू, ताई?" त्याने विचारलं. "तू काय म्हणतेस?"

विचारतानाच त्याचा चेहरा पडला होता. आता ही नाक मुरडणार, हे त्याला पाठ होतं. ताईला ते बघवलं नाही.

"जीव ओतून खेळलास रे राजा," ती म्हणाली.

बारक्याने तिला उचलून गरकन फिरवलं. काकूंनी पदराने डोळे टिपले, मामांनी टाळ्या पिटल्या. आपण काय बोलून बसलो ते ताईला समजलं, तेव्हा तिचे पाय अजून जमिनीवर टेकायचे होते.

पुढचा आठवडा तिने हातापाया पडण्यात घालवला. मामांना मोज्याचं, वर्तमानपत्राचं, सगळं सांगितलं. "फक्त एकदा म्हणा, की आळशी आहे, कामचुकार आहे." मामा हसले. "अगं, वर्षभर भांडलीस, एकदा खरं बोललीस, आता कशाला शब्द फिरवतेस?" काकू म्हणाल्या, "दृष्ट लागेल म्हणून घाबरतेस होय? वेडी कुठली!" ड्रायव्हर म्हणाला, "ताई, खोटं बोलायला जीभ रेटत नाही माझी." आणि बारक्या? "तू चांगलं म्हणालीस आणि मी घरी बसू? उलट आता बघ!"

शेवटच्या सामन्याला वर नुसता कल्लोळ होता. बारक्या, बारक्या, एवढंच ऐकू येत होतं आणि टेबलावर पोपड्यांचा सडा पडत होता. ताई छताकडे बघून ओरडत होती, "आळशी आहे तो! बिनकामाचा आहे!" बाकीचे आता हसत नव्हते. मग भलीमोठी आरोळी उठली, आणि हळूहळू नाही, एकदम थांबली. एवढी माणसं वर असून पाऊलही वाजेना.

ड्रायव्हर ढकलगाडी न घेताच आला. त्याच्या दोन्ही हातांवर एकच जर्सी होती, गळ्यापासून खालपर्यंत कात्रीने कापलेली.

"गोल मारला, ताई," तो म्हणाला. "मारला, आणि तिथंच..."

ताईने जर्सी टेबलावर पसरली. कापलेल्या कडा जुळवल्या. जर्सी पिळून निघेल इतकी भिजलेली होती, आणि चारी बाजूंनी पाणी टेबलावर ओघळत होतं. तिने कूस पाहिली, पाठ पाहिली, बाह्या उलटून पाहिल्या. मग ती तिघांकडे वळली.

"कुणीतरी नाही म्हणा ना," ती म्हणाली.