कालव्यावरची राखण

लाडकीबाय चौथ्यांदा पडली ती थेट टाकळ्याच्या झुडपात. सायकल तिच्या अंगावर आडवी झाली आणि मागचं चाक काही घडलंच नाही अशा थाटात टिकटिक करत फिरत राहिलं.

"हस मेल्या, हस," ती चाकाला म्हणाली. "तुजे दात मोजून ठेवते."

उठली, कासोटा झटकला, आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे. कालव्याच्या लांबलचक तांबड्या रस्त्यावर ना गाडी, ना घोडा. पलीकडच्या काठावर दोन बगळे आणि पाण्यात नाकापर्यंत बुडालेली एक म्हैस. म्हशीनं सगळं बघितलं होतं. पण म्हशीच्या तोंडाला कुलूप असतं, गोदूबाईच्या नसतं.

गोदूबाई म्हणजे तिकडे नवापूरला, समुद्राच्या काठी, भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. दोन वर्षांपूर्वी लाडकीबायचा मुलगा कमलाकांत दातिवऱ्याची पुष्पलता लग्न करून घेऊन आला. आठ दिवस झाले नाहीत तोच ही ताडमाड पोरगी नवऱ्याची सायकल काढून आळीतून भर्रकन निघून गेली. तेव्हा लाडकीबायनं याच गोदूबाईच्या दारात उभं राहून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "माज्या घरातल्या बाईनं सायकल चालवली, तर त्या दिवशी मी डोक्यावरची पाटी खाली ठेवीन!"

जिभेला हाड नसतं हे खरं, पण नशिबाला कधी कधी कान असतात. गेल्या पावसाळ्यात धक्क्यावरच्या शेवाळावरून लाडकीबाय घसरली, घोटा गेला आणि पाटी खाली आली ती आलीच. बत्तीस वर्षं ती बोंबलाची नि जवळ्याची पाटी घेऊन बेटेगावच्या पलीकडच्या पाड्यांवर जात होती. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाला सुकट जास्त खारट चालत नाही, सगळं तोंडपाठ. डॉक्टर म्हणाला, डोंगर चढायचा नाही, लांब चालायचं नाही. मग पाटी पुष्पलतानं उचलली आणि लाडकीबायच्या हातात आली काठी, अंगणात वाळत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकायची.

त्यांच्याकडे कावळे हाकायला दोघांनाच बसवतात. एक शाळेत न जाणारं पोर, आणि दुसरी, जिचं बाहेरचं काम संपलं ती म्हातारी. लाडकीबायचं काही संपलेलं नव्हतं. एक महिना तिनं कावळ्यांना अशा शिव्या घातल्या की बिचारे गोदूबाईच्या अंगणात जाऊन बसायला लागले. मग एका मंगळवारी ती उठली नि एसटीत जाऊन बसली.

"गिऱ्हाइकं माजी हायत," ती सुनेला म्हणाली. "तू नुसती हमाल."

"बरं," पुष्पलता म्हणाली. ही पोरगी भांडतच नसे, हा तिचा मोठा दुर्गुण.

तेव्हापासून हे असं चाललं होतं. मंगळवारी आणि शनिवारी पुष्पलता सायकलला माल बांधून, कुंभवलीच्या कारखान्यांचे ट्रक चुकवत बोयसर ओलांडायची. लाडकीबाय एसटीनं बेटेगावपर्यंत यायची आणि तिथून हळूहळू कालव्याच्या पुलावर. पुलाजवळ सून मोठी पाटी डोक्यावर घ्यायची, डोंगरावरच्या पाड्यांकडे पायवाटेनं चढायची आणि जाताना सांगायची, "आई, सायकल राखा."

बत्तीस वर्षं राज्य केलेली बाई, आणि राखायला काय, तर सायकल. शेजारी एक लहान पाटी ठेवलेली, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. येणारं-जाणारं कोण? ती म्हैस.

तिसऱ्या राखणीला तिनं सायकलच्या घंटीला हात लावला. चौथ्या वेळी स्टँडवरून उतरवली. आता हा दुसरा महिना, आणि पाच हात जाऊन पडण्यापलीकडे मजल गेलेली नव्हती. कासोट्यामुळे मधला दांडा आडवा येत नव्हता, एवढंच काय ते बरं. पण सीट कमलाकांतच्या लांब पायांच्या मापाची, आणि लाडकीबाय उभी राहिली तरी सुनेच्या खांद्याला लागायची. त्यातून नजर जायची खाली, चाकावर. चाक वळलं की ही बघायची कुठे वळतं ते, आणि बघता बघता टाकळ्यात.

सायकल पुन्हा स्टँडवर लावेपर्यंत कालव्याची दारं उघडणारा पाटकरी भिका काठाकाठानं येताना दिसला. तिनं घाईघाईनं केसांतला पाला काढला.

"बाय, जमुनानं निरोप धाडलाय," भिका म्हणाला.

जमुनाचा पाडा कालव्याच्या शेवटाला, इथून दोन कोसांवर. वाट सपाट, पण लांब. पुष्पलताला डोंगर करून तिकडे जायला वेळ उरत नसे आणि लाडकीबायला पाय. पावसाळ्यापासून कोणीच गेलं नव्हतं.

"काय म्हणते?"

"इचारते, लाडकी हाय का मेली?"

"मेली? मी?" लाडकीबायनं कमरेवर हात ठेवले. "सांग तिला, मी मेले असते तर तेराव्याचं आवतण आलं असतं तुला. आमच्याकडं कोणाला उपाशी ठेवत नाय!"

"तुज्यासाठी वालाचं गाठोडं बांधून ठेवलंय म्हणे. आता नवा वाल निघंल, जुना कोणाला तरी देऊन टाकते म्हणाली. नायतरी ती येत नाय, म्हणाली."

भिका पुढे गेला. लाडकीबाय पुलाच्या कठड्यावर बसली नि उठली. बत्तीस वर्षं जमुनाचा वाल दुसऱ्या कोणाच्या घरात गेला नव्हता. पहिल्या बाळंतपणात जमुनाला दूध येईना, तेव्हा हिनंच मुशी मासळीचे सुके तुकडे नेऊन दिले होते. आणि आता म्हणे, येत नाय.

तिनं चुंबळ केली, लहान पाटी डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. दहा पावलांवर थांबली. सायकल! राखण सोडून गेली आणि कोणी नेली, तर जन्मभर सून "बरं" म्हणून बघत राहील. परत फिरली, सायकल हाताशी धरली आणि डोक्यावर पाटी, बाजूला सायकल अशी वरात निघाली. घोटा पहिल्या वळणालाच ठणकायला लागला.

पुढे मोरीजवळ रस्ता जरा उतरता होता. सायकल ओढायला लागली तसं तिनं दुखरं पाऊल घटकाभर विसाव्याला म्हणून पायंडलवर ठेवलं. सायकल निघाली. दुसरा पाय जमिनीवरून सुटला, दांड्यावरून पलीकडे गेला, आणि पुढे काय झालं ते लाडकीबायला पुष्कळ वेळ कळलंच नाही. कारण डोक्यावर पाटी असताना खाली बघायचं नसतं. हे तिला कोणी शिकवायला नको होतं. मान ताठ, नजर लांब, कंबर तेवढी सैल. जवळा सांडता कामा नये, बस्स. बत्तीस वर्षं तिनं होडीच्या फळीवरून, खाजणाच्या बांधावरून अशीच पाटी आणली होती. पाटीखाली पाय आहेत की चाकं, याची मानेला काय पडलीय?

करंजाची झाडं मागे जायला लागली. कालव्याचं पाणी तिच्या बरोबरीनं निघालं, जरा मागे पडलं. एक खंड्या तारेवरून उडाला, पुढच्या तारेवर बसला, पुन्हा उडाला. सीटवर धड बसता येत नव्हतं, पायंडल खाली गेलं की फक्त अंगठा पोचत होता, तरी वारा कानात शिरत होता नि लाडकीबाय मोठमोठ्यानं शिव्या देत होती, खुशीनं, कोणाला म्हणून नाही.

थांबायचं कसं, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. जमुनाच्या खळ्यात पेंढ्याची उडवी होती म्हणून निभावलं.

जमुना झोपडीतून बाहेर आली. पेंढ्यात बसलेली मैत्रीण बघितली, दोन्ही हातांनी धरलेली पाटी बघितली, सायकल बघितली.

"म्हंजे मेली नाय," जमुना म्हणाली.

"जवळा घे आधी," लाडकीबाय म्हणाली. "चिमूटभर सांडला नाय."

परतताना तिनं पुलाच्या अलीकडेच, मोरीशी, चढावर वेग मोडल्यावर उडी मारली आणि सायकल हातानं ढकलत आणली. पुष्पलता कठड्यावर बसून होती.

"पाय मोकळे करून आले जरा," लाडकीबाय म्हणाली. "सायकल बरोबरच ठेवली होती. राखायला सांगितली होतीस ना?"

"बरं," पुष्पलता म्हणाली. पाटीतल्या वालाच्या गाठोड्याकडे तिनं एकदा बघितलं. मग हात पुढे करून सासूच्या अंबाड्यातली पेंढ्याची काडी काढली आणि कालव्यात सोडली.

पुढच्या मंगळवारी लाडकीबाय पुलावर आधी पोचली. लांबून सून येताना दिसली आणि लाडकीबायला हसूच आलं. एवढी ताडमाड पोरगी, पण गुडघे बेडकासारखे फाकलेले, हँडलला लागत होते. अशी कशी चालवते ही आज? नवापूरपासून अशीच आली, ट्रकांतून?

"काय गो, हे काय ध्यान..." असं ती म्हणायला गेली. तेवढ्यात पुष्पलता उतरली आणि लाडकीबायचं लक्ष सीटकडे गेलं. सीट पार खाली, दांड्याला टेकलेली होती.

पुष्पलतानं गुडघे चोळले, मोठी पाटी उचलून डोक्यावर घेतली, लहान पाटी सासूपुढे ठेवली.

"आई, सायकल राखा."

"जा, जा. राखते," लाडकीबाय म्हणाली. मग जरा वेळानं, पाठमोऱ्या सुनेला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात, "खाली बघू नको गो चढताना. मान ताठ ठेव."

त्या दिवशी पायंडलला पूर्ण तळवा लागला. पेंढ्याच्या उडवीची गरज पडली नाही. जमुनाच्या ओट्यावर पाटी रिकामी करताना जवळ्याखाली काहीतरी जड हाताला आलं. फडक्यात गुंडाळलेला लोखंडी पाना होता.

"यो काय आणलास?" जमुनानं विचारलं.

लाडकीबायनं पाना उलटासुलटा करून बघितला. मग पदराला पुसला आणि कमरेला खोचला.

"घरचा हाय," ती म्हणाली.

पुष्पलता डोंगर उतरून आली तेव्हा सासू कठड्यावर बसली होती, हातांना ग्रीस लागलेलं. सायकल स्टँडवर उभी होती, सीट पहिल्यासारखी वर. पुष्पलतानं माल बांधला, टांग मारली. दोन्ही पाय बरोबर पोचले.

"येते मी पुढं," ती म्हणाली.

"थांब जरा," लाडकीबाय म्हणाली. तिनं सीटवर थाप मारून बघितली, हलते का ते. "हां. आता जा. आणि कमलाकांतला सांग, शनिवारी त्याची सुट्टी हाय ना, तर कावळे हाकायला बस म्हणावं."