लाल ठिपक्याची पुंगळी

एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला होता आणि रॉइस टिल्मन अमेरिकेत मोंटानाच्या एका खोऱ्यात, आपल्या गॅरेजमध्ये रायफलच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या तपासत बसला होता. झाडलेली पुंगळी धुवायची, मापात आणायची आणि पुन्हा दारू भरायची, ही त्या खोऱ्यातली रीत. पण फार वेळा वापरलेली पुंगळी बुडाजवळ आतून झिजते. तशीच भरली आणि बंदुकीत फाटली, तर जाळ थेट तोंडावर. म्हणून वाकडी तार आत घालून चाचपायचं. तार अडखळली की पुंगळी बाद. बाद पुंगळी पकडीने चेपून टाकायची, म्हणजे कुणी चुकूनही भरणार नाही.

रॉइस हे डोळे मिटून करायचा. "डोळे लबाड, बोटं नाहीत," हे त्याचं ठरलेलं वाक्य. पण कॅन्सरच्या औषधांनी त्याची बोटं बधिर करून टाकली होती. हल्ली शर्टाची बटणंही लोर्ना, त्याची मुलगी, लावून देई. शिकारीला जाऊ नका म्हणायची मात्र तिची छाती होत नव्हती. त्या एका आशेवर तर म्हातारा उन्हाळाभर तगला होता.

"कॉफी केलीस की डांबर?" त्याने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"प्या गुमान. आईच्या हातची नाही मिळायची आता."

त्याने चांगल्या ठरवलेल्या पुंगळ्यांचा डबा उचलताना लोर्नाला एकीच्या बुडावर लाल ठिपका दिसला. आईच्या नेलपॉलिशचा. आतून झिजलेली ही पुंगळी मुलांना शिकवायला म्हणून घरात वर्षानुवर्षं जपलेली. तिने ती हळूच एप्रनच्या खिशात टाकली.

रॉइसने डोळे उघडले. "ठिपक्याची कुठल्या डब्यात गेली गं?"

"कुठली ठिपक्याची?"

"सोंग नको करूस. मीच मिसळली होती सकाळी. म्हटलं, बघू तरी."

'बादच्या डब्यात' हे शब्द अगदी तिच्या ओठांवर आले. मग नेम धरताना बंदुकीला टेकलेलं त्याचं तोंड तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिने खिशात हात घातला.

"चांगल्यांत होती, डॅड."

रॉइसने हात पुढे केला.

"पकड दे."

त्याने ठिपक्याची पुंगळी चेपली. मग चांगल्यांच्या डब्यातली एक उचलली, तीही चेपली. मग आणखी एक.

"अहो, त्यातल्या पुष्कळ चांगल्या असतील!" लोर्नाला रडू फुटलं.

"असतील की," रॉइस म्हणाला. "मला कुठे कळताहेत?"